सादळलेलं उद्घाटन

आमच्या तालुक्यात कुणी दुकान सुरू करत नाही, दुकानाचं उद्घाटन करतात. या दोन गोष्टींत फरक आहे हे मला कळायला बी.कॉम.ची तीन वर्षं उपयोगी पडली नाहीत. तो कळला एका वैशाखात, जेव्हा मी पाथर्डीच्या पेठेत मिरची कांडपाचं यंत्र बसवलं आणि सगळा गाव माझं भलं करायला धावला. भलं करणाऱ्या माणसांचा मला तेव्हापासून जो तिटकारा बसला, तो आज केस पांढरे झाले तरी गेलेला नाही. कुणी पांढऱ्या कपड्यांतला माणूस माझ्या दारात येऊन "ताई, काही अडचण असली तर सांगा" म्हणाला की मी अजूनही आधी माझं सामान जागेवर आहे ना ते बघते.

बसस्टँडच्या मागं आमच्या दोन खोल्या होत्या. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, प्रवासी जीप चालवायचे. पाथर्डीपासून डोंगराकडच्या वाड्यावस्त्यांपर्यंत माणसं, शेरडं, सिमेंटच्या गोण्या आणि नव्या नवऱ्या त्यांनी एकाच भावनेनं वाहून नेल्या. पहाटे जीप सुरू होताना आधी खोकायची, मग नाना खोकायचे आणि मग आमचं घर जागं व्हायचं. आई माझ्या जन्माआधी आणि नंतरही काही वर्षं ऊसतोडीला जायची. मी शाळेत बसले त्या वर्षी तिनं कोयता माळ्यावर टाकला आणि मुकादमाला सांगितलं, "पोरीची शाळा बुडती, आमी न्हाई येत." एवढंच. त्यावर तिनं कधी भाषण केलं नाही, मला कधी ऐकवलं नाही. लोकांच्या शेतात खुरपत तिनं मला पदवीपर्यंत नेलं. माझ्यात जे काही आहे ते या दोघांचं आहे, आणि या प्रकरणात मी ज्यांच्याविषयी लिहिणार आहे त्यांचं त्यात काडीचंही नाही, हे आधीच सांगून टाकते.

आमच्या घराचा वास म्हणजे येसराचा वास. बाजरी, हरभरा, धने, मिरची, खोबरं असं सगळं भाजून कुटून आई येसर करून ठेवायची. पातेल्यात फोडणी पडली आणि वरून येसर पडलं की शेजारच्या तीन घरांना कळायचं आज आमच्याकडं आमटी आहे. भाकरी कुस्करून त्यात बुडवायची आणि नाकातून पाणी येईपर्यंत खायची. ऊसतोडीवरून माणसं परत आली की आमच्या भागात मसाल्याचा हंगाम सुरू होतो. बाया वर्षाच्या मिरच्या घेतात, देठ काढतात, वाळवतात, भाजतात आणि कुटायला घेऊन निघतात. तेव्हा साऱ्या पेठेत डंका एकच होता. डंका म्हणजे कांडपाचं यंत्र, उखळांत एकामागून एक पडणारी लोखंडी मुसळं. त्या डंक्यावर बाया सकाळपासून रांगेत बसायच्या आणि आपल्या डब्यावरची नजर हटवायच्या नाहीत, कारण तिथला मालक एकीच्या मसाल्यात दुसरीचा उरलेला भुगा बेधडक मिसळायचा. आईबरोबर त्या रांगेत बसून बसून माझ्या डोक्यात आलं की असा एक डंका आपण घालावा आणि ज्याची मिरची त्यालाच द्यावी. यापेक्षा मोठा विचार त्यात नव्हता.

पण मी शिकलेली. शिकलेल्या माणसाला वाटतं की कुठल्याही गोष्टीचं आधी मार्गदर्शन घ्यावं. म्हणून मी उद्योजकतेच्या एका शिबिराला गेले, वही घेऊन, पहिल्या रांगेत. कोट घातलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला उभं केलं, टाळ्या वाजवायला लावल्या आणि "मी मालक आहे" असं ओरडायला लावलं. आम्ही ओरडलो. माझ्या शेजारचा मुलगा इतक्या जोरानं ओरडला की त्याचा आवाज बसला; त्याला पुढं कुठला धंदा करायचा होता ते त्याला सांगताच आलं नाही. गृहस्थ म्हणाले, स्वप्नं मोठी बघा. मग प्रत्येकाला स्वप्न विचारलं. मी म्हणाले, मिरची कांडप. ते हसले. "पदवीधर आहात ना तुम्ही? मग काहीतरी ब्रँडेड विचार करा." मी विचारलं, तीन फेजचं वीजकनेक्शन घ्यायला कुठं अर्ज करावा लागतो. त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी मला पुन्हा टाळ्या वाजवायला लावल्या. घरी येऊन मी नानांना हे सांगितलं, तेव्हा त्यांनी जीपच्या बॉनेटवर डोकं टेकवून हसून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वायरमनला जीपमध्ये बसवून घरी घेऊन आले. वायरमननं आईच्या हातची आमटी ओरपली आणि अर्जाचं सगळं पाच मिनिटांत सांगितलं.

यंत्र राहात्याला मिळालं. तिथल्या एकानं कांडप बंद करून मोबाईलचं दुकान टाकायचं ठरवलं होतं. जुनं होतं, पण मुसळं चांगली होती. घरात होतं नव्हतं ते घालून ते टेम्पोतून आणलं. आता गाळा हवा होता, आणि इथं आमचे आण्णा आले. आण्णा म्हणजे नानांचे धाकटे भाऊ, माझे चुलते. त्यांना व्यवसाय नव्हता, त्यांना भाऊ होते. हे भाऊ म्हणजे नाना नव्हेत. भाऊ म्हणजे तालुक्याचे पुढारी, ज्यांच्या गाडीच्या मागं धावणाऱ्या गाडीच्या मागच्या गाडीत आमच्या आण्णांना जागा मिळत असे, तीही कुणी आजारी असलं तर. एवढ्या भांडवलावर आण्णांनी आयुष्यभर इस्त्रीचे कपडे घातले. पेठेतला एक रिकामा गाळा भाऊंच्या माणसाचा होता. आण्णांनी शब्द टाकला. भाडं आम्हीच भरायचं होतं, दुरुस्ती आम्हीच करायची होती, पण शब्द आण्णांचा होता आणि तो त्यांनी आम्हाला जेवताना, झोपताना, जीपमध्ये बसताना ऐकवला.

"शिकून मिरच्याच कुटायच्या हुत्या तर कालेजात कशाला गेल्ती?" हे त्यांनी आधी म्हणून घेतलं. मग म्हणाले, "पर आता करतीयस तर रीतीनं कर. उद्घाटन भाऊंच्या शुभहस्ते झालं पायजे."

"आण्णा, दोन बाया मिरच्या घेऊन आल्या की झालं उद्घाटन," मी म्हणाले.

"ऐकलं का हो वहिनी? ही म्हनं पदवीधर."

आई भाकरी थापत होती. ती थापतच राहिली.

मग फ्लेक्स आला. तो गाळ्यापेक्षा मोठा होता. वर भाऊ, हात जोडलेले. त्यांच्या बाजूला भाऊंचे वडील, भाऊंचा मुलगा, जो तेव्हा बारावीत गटांगळ्या खात होता. खाली उतरत्या आकारात गावातले सगळे मान्यवर, काळे चष्मे, कानाला मोबाईल. आण्णांचा फोटो कुणाच्या खाली येतो यावरून छापणाऱ्याकडं एक अख्खा दिवस भांडण चाललं होतं. एका कोपऱ्यात दोन मिरच्या होत्या. माझं नाव सगळ्यात खाली, भाऊंच्या चपलेखाली यावं अशा ठिकाणी, तेही अलकाचं 'अल्का' करून. ज्या माणसाचा धंदा आहे त्याचं नाव शोधायला फ्लेक्ससमोर गुडघ्यावर बसावं लागावं, हा शोध आमच्याच मुलखातला असावा. मी तो फ्लेक्स बघितला आणि तसाच टांगू दिला. गाळा जाईल ही भीती होती. हंगाम संपायला थोडेच दिवस उरले होते, आणि हंगाम गेला तर पुढच्या चैत्रापर्यंत ते यंत्र नुसतं बघत बसावं लागणार होतं.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी आईनं आमच्या घरच्या मिरच्या आणल्या, यंत्र नीट चालतंय का बघायला. आण्णा गाळ्यातच होते. त्यांनी आईच्या हातातला डबा बघितला आणि असे दचकले जणू तिनं दारूगोळा आणला होता. "भाऊंनी बटन दाबायच्या आधी मशीन चालू? अपशकुन हाय वहिनी!" आणि आपण किती जबाबदार आहोत हे दाखवण्यासाठी त्यांनी मेन स्विचमधल्या तीन फ्यूजपैकी एक काढला आणि खिशात टाकला. आई डबा घेऊन परत घरी आली. तिनं त्या रात्री आण्णांना वाढलं नाही, एवढाच काय तो निषेध.

उद्घाटनाच्या दिवशी नाना सकाळीच वस्तीवर जाऊन बाया घेऊन आले. जीप भरून बाया, मांडीवर डबे, पिशव्या. सगळ्यांत पुढं सोजरमावशी, आईच्या ऊसतोडीच्या टोळीतली. पंधरवड्यापूर्वीच ती साखर कारखान्यावरून परतली होती. सगळ्यांनी पहाटे मिरच्या भाजल्या होत्या. भाजलेली मिरची कुरकुरीत असते तोवर डंक्यात तिची पूड होते. हवा लागून ती सादळली की मऊ पडते, मुसळाखाली तिच्या वड्या होतात आणि कितीही कुटलं तरी चाळणीतून खाली उतरत नाही. एरवी आमच्याकडची वैशाखातली हवा इतकी कोरडी की मिरच्या दिवसभर टिकतात. पण त्या दिवशी आभाळ आलं होतं. अंगाला चिकट घाम होता, पाऊस नव्हता. शिवाय लोडशेडिंग. दुपारी लाईट जाणार हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं, भाऊंनाही असावं.

गाळ्याच्या दाराला लाल साटिनची फित बांधलेली. बाहेर ताटात कात्री, हळदकुंकू, नारळ. आत यंत्र, एका फ्यूजविना मुकं. आणि भाऊ येणार होते.

भाऊ आले नाहीत. सकाळ गेली. आण्णांचा निरोप यायचा, भाऊ निघालेत. मग यायचा, भाऊ रस्त्यात आहेत. आण्णा स्वतः हार घेऊन नाक्यावर स्वागताला गेले होते, आणि फ्यूज त्यांच्या खिशात. नाना पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात दुसरा फ्यूज आणायला गेले. दुकान बंद होतं, मालकही नाक्यावर. "दोन फ्यूजवर चालवून बघू का?" मी विचारलं. "मोटार जळंल," नाना म्हणाले. "मंग तर झालंच उद्घाटन शुभहस्ते."

बायांनी डब्यांची झाकणं घट्ट लावली होती तरी मधूनमधून एकेक जण उघडून मिरची मोडून बघत होती. आधी कट्‌ असा आवाज यायचा. हळूहळू तो आवाज यायचा बंद झाला.

"अलके," सोजरमावशी म्हणाली, "माझ्या वर्साच्या मिरच्या हायेत माय. परत भाजाव्या तर करपत्यात. तुझा भाऊ येतू का मी जाऊ त्या दुसऱ्याकडं?"

ती रागावून म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं. बाकीच्या बायाही माझ्याकडं बघत होत्या. त्या उठून गेल्या असत्या तर पुन्हा आल्या नसत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. मी चपला घातल्या आणि नाक्याकडं निघाले.

नाक्यावर हलगी वाजत होती. वाजवणारे कंटाळून वाजवत होते. फटाक्यांची माळ रस्त्यावर पसरलेली, तिच्यावरून दोनदा एसटी गेलेली. आण्णा हार हातात धरून उभे, घामानं कॉलर काळी पडलेली.

"आण्णा, फ्यूज द्या."

"आगं आले भाऊ. रस्त्यावरच हायेत."

"सकाळधरनं रस्त्यावरच हायेत. रस्ता बांधत येतेत का?"

हलगीवाला हसला. आण्णांनी त्याच्याकडं रागानं बघितलं, मग माझ्याकडं. "चार मान्सांत कसं बोलावं ते शिकीवलं न्हाई का कालेजात? भाऊ यायच्या आधी मशीन चालू झालं तर माझी काय किंमत राह्यली?"

"मिरच्या सादळायला लागल्यात."

"मिरच्या! हितं तालुक्याचं राजकारण चाललंय आन हिला मिरच्या सुचत्यात!"

सगळे हसले. ते हसले म्हणून आण्णांना जोर चढला आणि त्यांनी हार वर उचलून आणखी काहीतरी म्हटलं. त्यांचे दोन्ही हात वर होते. मी त्यांच्या शर्टाच्या खिशात हात घातला. मी त्यांची पुतणी, प्रत्येक परीक्षेला त्यांच्या पाया पडून गेलेली. आमच्याकडं पुतणी चुलत्याच्या खिशात हात घालत नाही, तेही भर नाक्यावर. खिशात एक कंगवा होता, तंबाखूची पुडी होती आणि फ्यूज होता. मी फ्यूज घेतला. बाकीचं त्यांचं भांडवल त्यांनाच ठेवलं.

"गाळा जाईल हां अलके!" मागून त्यांचा आवाज आला. "उद्याच्याला गाळा जाईल!"

"मिरच्या कुटून झाल्यावर जाऊ द्या," मी न वळता म्हणाले.

नानांनी फ्यूज बसवला. राहिली फित. ती तोडायला कुणाचा हात होईना. फितीत काय असतं कोण जाणे, एरवी कोयता चालवणाऱ्या बाया त्या दोन बोटं रुंदीच्या कापडापुढं अडून उभ्या राहिल्या. शेवटी सोजरमावशीनं डबा डोक्यावरून काखेत घेतला. "वाकून तर वाकून," ती म्हणाली, "मोळी डोक्यावर घिऊन ट्रकात चढल्याली कंबर हाय ही." आणि ती फितीखालून आत आली. तिच्यामागं सगळ्या. मी बटण दाबलं. मुसळं उचलली गेली, पडली, पुन्हा उचलली गेली, आणि गाळ्याची फरशी पायांखाली धडधडू लागली. मावशीच्या मिरच्यांचा पहिला घाणा जड गेला, दोनदा चाळून पुन्हा टाकावा लागला, पण उतरला. ठसका उठला. पदर नाकातोंडाला लावून आम्ही एकमेकींकडं बघून शिंकत होतो आणि हसत होतो. आई चाळणीवर बसली होती. तिच्या भुवया लाल झाल्या होत्या.

भाऊ आले ते या ठसक्यात. हलगीचा आवाज आम्हाला ऐकूच आला नाही. एकदम दारात पांढरी माणसं दिसली, नाकाला रुमाल लावलेली. आण्णा फितीपलीकडून दोन्ही हातांनी मला खुणा करत होते, बंद कर, बंद कर. मी त्यांच्याकडं नीट बघितलं आणि पुढचा घाणा टाकला. भाऊंनी एक हात नाकावर ठेवून दुसऱ्या हातानं, जमेल तितक्या लांबून, कात्री फितीला लावली. नेमकी तेव्हा एक बाई डबा घेऊन फितीखालून आत येत होती, त्यामुळं फितीचं एक टोक तिच्या डोक्यावर पडलं. फोटो निघाला. मग भाऊंचे ओठ हलले. भाषण असावं. डंक्यापुढं त्यातलं अक्षर ऐकू येईना, फक्त एकदा मुसळं चुकून एकत्र वर होती तेव्हा एक तुकडा आला, "...आपल्या भगिनीच्या पापड उद्योगाला..."

"काय म्हनला?" सोजरमावशीनं माझ्या कानाला तोंड लावून विचारलं.

"पापड."

"कशाचं पापड?"

मला हसू आवरेना. तोवर भाऊ शिंकले. एकदा, मग तीनदा, मग मोजता येईना. त्यांना धरून गाडीत बसवलं. दोन तालुक्यांत ज्यांच्या शब्दाला वजन होतं असं आम्हाला सांगितलं गेलं होतं, ते आमच्या दारात येऊन फक्त शिंकले.

थोड्याच वेळात लाईट गेली. दोघींच्या मिरच्या राहिल्या होत्या. त्या दोघी क्षणभर आपल्या डब्यांकडं बघत उभ्या राहिल्या. मग एकीनं डबा माझ्या हातात दिला. "राती लाईट आली की कुट. नाना जीपमंदी धाडत्याल." दुसरीनंही दिला. जुन्या डंक्यावर ज्या बाया डब्यावरची नजर काढत नव्हत्या, त्या आपल्या वर्षाच्या मिरच्या माझ्यापाशी ठेवून जीपमध्ये बसून गेल्या. आज माझ्या भिंतीवर कुठलंही प्रशस्तिपत्र नाही. ज्यांनी द्यायचं होतं त्यांनी त्या दुपारी दिलं.

त्यानंतर काही दिवस आम्ही गाळा जाण्याची वाट बघितली. रस्त्यानं पांढरा शर्ट दिसला की मी हातातलं काम टाकून दाराकडं बघायचे. आई म्हणायची, गेला तर घरापुढं छपरात घालू. कुणीच आलं नाही. पुढं एकदा गाळ्याचा मालक नानांच्या जीपमध्ये बसला, तेव्हा नानांनी धीर करून विचारलं. तो म्हणाला, "भाऊंनी इच्यारलं हुतं एकदा. त्या पापडवाल्या बाईचं बरं चाललंय का म्हनं. मी म्हनलं, व्हय." ज्या माणसाच्या रागाच्या भीतीनं आम्ही सकाळभर मिरच्या सादळवल्या, त्याला रागवायला आम्ही आठवतही नव्हतो. मला त्याचा राग आला, सुटल्याच्या आनंदापेक्षा जास्त. इतक्या पोकळ गोष्टीला भ्यायलो, हे मला आजही खुपतं.

आण्णांनी आमच्याशी बोलणं टाकलं होतं. हंगामाच्या शेवटी एका सकाळी ते गाळ्यासमोर दिसले. इस्त्रीचे कपडे, आणि हातात पिशवीत झाकलेला स्टीलचा डबा. काकूनं पाठवला असणार. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, कुणी ओळखीचं नाही अशी खात्री केली आणि डबा माझ्यापुढं सरकवला.

"ह्या पहिल्यांदी टाक. मला नाक्यावर जायचंय. भाऊ यायलेत."

"नंबर हाय, आण्णा."

"घरच्यांना कसला नंबर?"

पलीकडं बाया डबे घेऊन बसल्या होत्या. मी आण्णांचा डबा उचलला, त्यावर खडूनं त्यांचं नाव लिहिलं, नीट, शुद्ध, आणि रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला.

"बसा," मी म्हणाले.

एका बाईनं सरकून पायरीवर जागा केली. आण्णांनी आधी पायरी रुमालानं पुसली. मग रुमाल नाकाला लावला. मग बसले.